तीन पॉइंट चौदाचा सूड

वीस जुलैच्या सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून एका ज्वारीच्या भाकरीभोवती शिलाईची टेप फिरवत होते. टेप माझ्या सुनेची, रेखाची. ती ब्लाऊज शिवते आणि टेपेला कोणी हात लावलेला तिला खपत नाही, म्हणून ती अंघोळीला गेल्याची वेळ साधली होती. भाकरीचा घेर बासष्ट सेंटीमीटर आणि वर आठ रेघा. मधोमध टेप आडवी धरली, बरोबर वीस. मोबाइलमध्ये भागाकार केला… तीन पॉइंट चौदा. भाकर फिरवून पुन्हा मोजली, तेवढंच. या वयात उडी मारता येत नाही, नाहीतर मारली असती. तेवढ्यात रेखा ओल्या केसांनी आत आली. टेप माझ्या हातात बघूनही ती रागावली नाही. म्हणाली, "आई, वैशालीचा फोन होता. सुमित्राकाकू गेल्या. झोपेतच." आणि मी, तिची साठ वर्षांची मैत्रीण, काय म्हणाले असेन? हाय नाही, अरेरे नाही. मी म्हणाले, "असं कसं जमन? परवा बावीस तारीख हाये!"

रेखाला वाटलं, धक्क्यानं म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. मला राग आला होता. जन्मात पहिल्यांदा हरायची वेळ आली आणि बाई मैदान सोडून निघून गेली! ती पांढरी, गोल, निर्दोष भाकर ओट्यावर तशीच वाळत पडली आणि मी पदर खोचून सुमित्राच्या घराकडे निघाले. गल्लीच्या त्या टोकाशी तिचं घर. वाटेत मला रडू आलं, हे खरं आहे. पण त्यातलं किती दुःखाचं आणि किती चिडीचं, हे आज इतक्या आठवड्यांनीही मला सांगता यायचं नाही.

लोक मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. मीही बोलणार होते, पण सुमित्राला खोटं खपत नसे, आणि मी एकदा खोटं लिहून तिच्या हाती सापडलेली बाई आहे. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आम्ही दोघी केनवडच्या. नववीत आम्हाला गणिताच्या सरांनी घरचा अभ्यास दिला: घरातल्या दहा गोल वस्तू घ्या, दोऱ्यानं त्यांचा घेर मोजा, मग व्यास मोजा, घेराला व्यासानं भागा आणि कोष्टक करून आणा. शिवाय त्यातली एक वस्तू वर्गात घेऊन या. त्या वयातली मी म्हणजे काय सांगू! दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी आणि डोक्यात हवा. आपण केनवडची राणी आहोत असा माझा पक्का समज होता, फक्त तो गावाला कळवायचा राहिला होता. राणी कुठं वाट्या आणि चाळण्या मोजत बसते? मी शेजारच्या चिंचेखाली चिंचा खाल्ल्या, सकाळी शाळेच्या भिंतीआड बसून दहा वस्तूंची नावं लिहिली आणि दहाही वस्तूंपुढे ३.१४ लिहून टाकलं. उत्तर पुस्तकात छापलेलंच होतं. छापलेलं असताना मोजायचं कायले, हा माझा रोकडा विचार. वस्तू म्हणून आईची पितळी परात काखेत मारली. ती परात मागच्याच उन्हाळ्यात कुरडया वाळवताना माळवदावरून खाली पडली होती आणि एका बाजूनं अशी चेपली होती की पाण्यात सोडली असती तर नाव म्हणून चालली असती.

सरांनी माझं कोष्टक फळ्यावर उतरवलं. "पाहा, याला म्हणतात काम. दहाच्या दहा अचूक." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी वेणी पुढे घेतली. हे मला आजही दिसतं आणि आजही त्या पोरीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. सुमित्राच्या कोष्टकात कुठे ३.१, कुठे ३.२, कुठे ३.०८. सर तिला म्हणाले, जरा नीट मोजत जा. ती उठली. काडीसारखी पोर, पण आवाज घंटेसारखा. "सर, इची परात मले मोजू द्या." तिनं आपला दोरा काढला, परातीभोवती फिरवला, मग उभा धरला, आडवा धरला. एकीकडून आलं दोन पॉइंट नऊ, दुसरीकडून तीन पॉइंट चार. मग ती जे म्हणाली ते माझ्या हाडांत कोरलेलं आहे: "सर, खरं मोजलं का थोडंसं चुकतेच. सारंच बरोबर आलं म्हणजे इनं मोजलंच नाही."

मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत मी ती परात डोक्यावर धरून वर्गाच्या दारात उभी होते. सुट्टीत पहिल्या पोरानं हाक मारली, "ये परात!" आणि संपलं. विमल नावाची मुलगी त्या दिवशी केनवडात वारली. मी मारुतीच्या पारावर हात ठेवून शपथ घेतली की सुमीचा सूड घेईन. जिला दोऱ्यानं वाटी मोजायचा कंटाळा, ती निघाली साठ वर्षांचा सूड घ्यायला!

लग्न होऊन मी अनसिंगला आले तेव्हा मला सासरचा आनंद कमी आणि नाव सुटल्याचा जास्त झाला होता. एक वर्ष मी विमल होते. सुखात होते. मग गल्लीच्या टोकाच्या घरात नवी सून आली आणि आमच्या सासूबाईंनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. दारात उभी कोण? सुमित्रा. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "अवं माय! परात! तू इथं?" सतरा बायकांच्या देखत. मग तिनं सगळी गोष्ट सांगितली, चेपलेल्या जागेचं माप हातानं दाखवून. सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडी "परात, पाणी आण" सुरू झालं. आमचे हे तर मुखदुर्बळ माणूस, उभ्या जन्मात त्यांनी एकच विनोद केला असेल. दवाखान्यात माझं नाव लिहून घेणाऱ्या पोरीनं विचारलं, पेशंटचं नाव? हे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "परात." चिठ्ठीवर तसंच आलं.

मी गप्प बसले असं समजू नका. तिच्या परसातल्या कोथिंबिरीत मी शेजाऱ्यांची बकरी सोडली. बकरीनं कोथिंबीर हुंगून सोडून दिली, आमच्या दोरीवरचं माझं नवं लुगडं खाल्लं. तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाचा निरोप मी बायकांना मुद्दाम एक दिवस उशिराचा सांगितला. दुसऱ्या दिवशी आलेल्या पंचवीस बायकांना तिनं थेट माझ्या घरी पाठवलं, "जेवण परातीकडे हाये" म्हणून. माझा प्रत्येक सूड असा उलटा फिरून माझ्याच डोक्यावर बसायचा. तरी आमचं जाणं-येणं कधी तुटलं नाही. हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. सूड घ्यायचा म्हटलं की रोज भेटावं लागतं.

मी प्राथमिक शाळेतली बाई झाले, ती हायस्कुलात गणित शिकवू लागली. फळ्यावर रेघा ओढायची लाकडी मीटरपट्टी तिच्या हातात कायम. पट्टीचं टोक फरशीवर टक टक आपटलं की साठ पोट्टे श्वास धरून बसायचे. निवृत्त होताना लोकांनी शाल दिली, नारळ दिला, तिनं मागून घेतली ती पट्टी. पुढे गुडघे गेले, मुलानं वाशिमहून चांगली रबराच्या बुडाची काठी आणली, तर ती दारामागे ठेवून बाई मीटरपट्टी टेकत फिरायची. गल्लीत टक… टक… ऐकू आलं की मी ओळखायचे, आली माझी साडेसाती.

त्याच सुमारास तिनं बावीस जुलैचं खूळ काढलं. आपण तारीख आधी लिहितो, महिना मागून. बावीस छेद सात. शाळेत पायची किंमत म्हणून आपण जे घोकलं तेच. (पायावरचे विनोद गावानं सगळे करून झालेत, मी करणार नाही.) त्या दिवशी दुपारी तिच्या अंगणात नियम असा की प्रत्येकानं एक गोल वस्तू आणायची आणि जे खायचं तेही गोलच. गुलगुले, लाडू, पेढे. एका साली कोणाचा जावई चौकोनी बर्फी घेऊन आला, तर त्याला पायचे दहा अंक म्हणायला लावले आणि बर्फी वाटीनं गोल कापून मगच वाटली. कडेचे तुकडे सुमित्रानं खाल्ले. पोरं सायकलचं टायर घेऊन यायची, बाया बांगड्या, चाळण्या, टोपल्या. डवरणी-कोळपणीच्या दिवसांत शेतातून परस्पर आलेल्या, पायाला चिखल असलेल्या बाया ओट्यावर बसून "तीन पॉइंट चौदा पंधरा ब्याण्णव" म्हणायच्या आणि लाजून हसायच्या.

आणि खरी जत्रा भाकरीची. जिला वाटेल तिनं घरून एक भाकर करून आणायची. सुमित्रा दारात पट्टी घेऊन उभी. गोधडी शिवायच्या जाड दोऱ्यानं ती भाकरीचा घेर घ्यायची, दोरा पट्टीला लावून मोजायची, मग व्यास, मग रजिस्टरात भागाकार. जिची भाकर ३.१४ च्या सगळ्यांत जवळ, तिला स्टीलचं ताट. ताटावर तिचं नाव घातलेलं आणि खाली पायचं चिन्ह. पहिल्याच साली मला बघून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आयका वं बायांनो. ज्या साली इची भाकर तीन पॉइंट चौदा भरन, त्या साली मी इले परात म्हननं सोडलं. चारचौघांत सोडलं."

आता सांगा, मी कशासाठी जगत होते ते वेगळं सांगायला पाहिजे का? ताट गेलं उडत. मला माझं नाव परत पाहिजे होतं.

माझी भाकर गोल असते. हा गर्व नाही, हात तसा आहे. पहिल्या साली सुमित्रानं मोजली, ३.१२. "जवळ हायेस." ताट इंदूला गेलं. इंदू म्हणजे आमच्या गल्लीतली किराणावाली, तिच्या भाकरीत तुम्हाला पाहिजे त्या राज्याचा नकाशा दिसेल. तिची म्हणे ३.१४! दुसऱ्या साली मी जीव ओतला. ३.११. तिसऱ्या साली ३.१०. गेल्या वर्षी ३.०९. जेवढी मी सुधारले तेवढी मी घसरले. आणि इंदूच्या फडताळात चार ताटं उभी. दर वेळी सुमित्रा पट्टी टेकवून मान हलवायची, "परात ते परातच."

दुसऱ्या सालच्या हरण्यानंतर मी बंड केलं. पुण्याला शिकणारी माझी नात सई म्हणाली, आजी, सगळं जग हा दिवस चौदा मार्चला करतं. मला एवढंच पाहिजे होतं. पुढच्या चौदा मार्चला मी आमच्या दारात मांडव घातला, अर्धं गाव बोलावलं आणि सुमित्राचं बावीस जुलै कसं खेडवळ आहे यावर भाषण ठोकलं. ती पहिल्या रांगेत बसून हरभऱ्याचे हिरवे घाटे सोलत ऐकत होती. भाषण संपल्यावर लाडिक आवाजात म्हणाली, "विमलबाई, एक शंका. आपल्याकडं तारीख आधी लिहितात ना वं? मंग चौदा छेद तीन किती होते?" पोरांनी पटापट भागाकार केला. चार पॉइंट सहासष्ट. "मायबाई! हे कोनत्या गोलाचं माप हाये? का तुया घरच्या परातीचं?" मांडव हसला. वरून जाता जाता समजावून गेली की, बावीस छेद सात हे नुसत्या तीन पॉइंट चौदापेक्षा खऱ्या किमतीच्या जास्त जवळ असतं. माझ्याच मांडवात, माझेच पेढे खात.

मग मी माझं हत्यार काढलं. गणित तिचं असेल, अक्षरं माझी होती. सईनं मला सांगितलं होतं की पायचे अंक लक्षात ठेवायला लोक वाक्यं रचतात. पहिल्या शब्दात तीन अक्षरं, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात चार, मग एक, पाच, नऊ… असे अंक अक्षरांत लपवायचे, जोडाक्षर एकच धरायचं. पंधरा दिवस मी भाजी जाळली आणि वाक्य जुळवलं. गल्लीतल्या पोट्ट्यांना पाठ करवलं. तिसऱ्या बावीस जुलैला सुमित्रा पट्टी घेऊन दारात उभी राहिली, आणि वीस पोरांनी तिच्यासमोर एका सुरात म्हटलं:

"सुमित्रा ही भांडखोर नि चहाडखोर, तहसीलदारासारखी उभी दरवाज्यापाशी, मोजायलाच आमची पोळीभाकर!"

वैशाली, तिची सून, पदर तोंडात धरून आत पळाली. मी छाती काढून उभी. सुमित्राची बोटं तेवढी हलत होती… ती मोजत होती. मग म्हणाली, "तीन, एक, चार, एक, पाच, नऊ, दोन, सहा, पाच, तीन, पाच. अकरा अंक. एक चूक नाही." आणि टाळ्या वाजवल्या! पोरांना एकेक पेढा दिला, मला दोन. मी दिलेली शिवी तिनं रजिस्टरच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली. यासारखा अपमान दुसरा नाही. आणि वर म्हणाली, "पुढचा अंक आठ हाये. आठ अक्षरी शब्द आन. पन अर्थ लागला पायजे, आन वाक्य पुढं सरकलं पायजे."

त्या आठानं मला खाल्लं. सात अक्षरी मिळायचे, नऊ अक्षरी मिळायचे, आठाचा मिळाला तर अर्थ लागेना. भाजीच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, जप करताना मी बोटं मोजत असे. लोकांना वाटायचं, म्हातारी फार देवभोळी झाली. गल्लीच्या तोंडाशी भेटली की सुमित्रा पट्टी टेकवून विचारायची, "भेटला का वं आठ?" मी म्हणायचे, "तुया नावाचा श्राद्धाचा मंत्र करून राह्यली, थांब जरा." ती खुदखुदून हसायची.

यंदा उन्हाळ्यात मला शंका आली. रेखाची टेप हाताशी पडली होती, सहज भाकर मोजली. ३.१४. योगायोग म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोजली, ३.१४. आठवडाभर मोजली. घरी ३.१४, आणि तिच्या अंगणात ३.०९? मला एकदम लख्ख दिसलं: बाई बदमाशी करत होती! साठ वर्षांपूर्वी मला खोटं लिहिताना पकडणारी ही सत्यवती दरवर्षी चारचौघांत माझी भाकर खोटी मोजत होती, परात हे नाव माझ्यावर राहावं म्हणून. मला इतका आनंद झाला की मी दोन दिवस कोणाशी भांडले नाही. मी बेत केला. बावीस तारखेला टेप बटव्यात घालून जायची. तिनं ३.०९ म्हटलं की टेप काढायची, सगळ्यांसमोर मोजायची आणि तिच्याच आवाजात म्हणायचं, "सर, इची पट्टी मले मोजू द्या." सर केव्हाच गेलेत, पण वाक्य तेच म्हणायचं होतं. आरशासमोर सराव केला होता.

आणि वीस तारखेला ती गेली.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर वैशाली म्हणाली, "काकू, आईंची एखादी वस्तू घेऊन जा आठवण म्हणून. त्यायले आवडलं असतं." मी सांगितलं, पट्टी दे. ती रडायला लागली. तिला वाटलं, काय ही माया! तिनं पट्टीबरोबर रजिस्टरही माझ्या हातात ठेवलं. खरं सांगते, पट्टी मी मोडून चुलीत घालायला आणली होती. मागच्या अंगणात पाणी तापवायची चूल आहे, तिथे बसून मी पट्टी गुडघ्यावर धरलीसुद्धा. पण माझा गुडघा आणि ते सागवान, दोघांत आधी कोण मोडेल याची खात्री वाटेना. म्हटलं, आधी पुरावा तर पाहू. घरातलं भाकरीएवढं स्टीलचं ताट आणलं, कारखान्यात साच्यातून निघालेलं, त्यात तर हाताची चूक नाही. सुमीसारखाच दोरा फिरवला, तिच्याच पट्टीनं मोजला. भागाकार केला. तीन पॉइंट शून्य नऊ.

ताटाचं? मी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. ३.०९. मग मी हातातली बांगडी काढून मोजली तर तीनसुद्धा भरेनात! मी रेखाला हाक मारली, टेप मागितली, ती घेऊन आली. पट्टीशेजारी टेप लावली आणि दोघी बघत राहिलो. पट्टीचं टोक नव्हतंच. शून्याकडचं टोक, जे तीस वर्षं वर्गाच्या फरशीवर आपटलं आणि नंतर गल्लीच्या सिमेंटवर रोज टेकलं, ते झिजून अर्धा सेंटीमीटर गायब झालं होतं. मोजायला लावलं की घेरातही अर्धा जास्त, व्यासातही अर्धा जास्त, आणि भागाकार खाली. मी रजिस्टर उघडलं. त्यात सरळ रेघांमध्ये तिचं टपोरं अक्षर: ३.१२, ३.११, ३.१०, ३.०९. दरवर्षी एक रेघ. मी घसरत नव्हते, तिची पट्टी झिजत होती. चारही वर्षं माझी भाकर सगळ्यांत गोल होती आणि इंदूचे नकाशे त्या झिजलेल्या पट्टीवर नेमके बसत होते. आणि माझ्या आकड्यांपुढे नाव काय लिहिलंय? रजिस्टरातसुद्धा बाईनं 'परात'च लिहिलंय!

त्या दुपारी मी सुमित्राला इतक्या शिव्या दिल्या, की रेखानं खिडकी लावून घेतली. निदान बदमाशी तरी करायची होतीस, सुमे! एवढा पाजळून ठेवलेला सूड, तो घ्यायचा कोणाचा? लाकडाच्या टोकाचा? मी न मोजता लिहिलं म्हणून मला डोक्यावर परात घेऊन उभं केलंस, आणि तू रोज जिच्यावर भार टाकून चाललीस ती पट्टी एकदा मोजली नाहीस. गणिताची बाई! आणि मी तरी कोण शहाणी? चार वर्षं ते टक टक कान देऊन ऐकलं, एकदा खाली वाकून टोक बघितलं नाही. राणीची सवय, दुसरं काय. वस्तू हातात न घेता उत्तर लिहून मोकळी… तेव्हा लिहिलं ३.१४, आता लिहिलं 'बदमाश'.

रजिस्टरात यंदाचं पान तिनं आखून ठेवलं आहे. वर बावीस जुलै, खाली रकाने, पहिल्याच ओळीत 'परात'. पुढचा रकाना कोरा. मी दुसऱ्या दिवशी ताजी भाकर केली, टेपेनं मोजली, रेखाला साक्षीदार धरलं आणि माझ्या हातानं तिथे लिहिलं, ३.१४. मग 'परात' खोडायला पेन टेकवलं. टेकवलं आणि उचललं. ते तिनं खोडायचं होतं, चारचौघांत. कबूल केलं होतं तिनं. माझ्या खोडण्याला काय किंमत? म्हणून हा लेख लिहायला घेतला. पेपरची पुरवणी वाचणाऱ्या चारचौघांना सांगते: माझी भाकर गोल आहे आणि माझं नाव विमल आहे. इंदूनं ताटं परत करायची गरज नाही, पण तिनं हे वाचावं अशी इच्छा आहे.

पट्टी मी जाळली नाही. चूल पेटायला चांगली दुसरी लाकडं आहेत. ती मी आमच्या स्वयंपाकघराच्या दरवाज्यापाशी, झिजलेलं टोक खाली करून उभी केली आहे. सकाळी पहिली भाकर तव्यावरून उतरली की नजर आपोआप तिकडे जाते. उभी असते, ताठ, बघत. रेखा म्हणते, आई, येता-जाता पाय अडखळतो, आत ठेवू का? मी म्हणते, हात लावायचा नाही. परवा अशीच भाकर थापता थापता तिच्याकडे बघून पोरांना शिकवलेलं ते वाक्य मनाशी म्हणत होते, शेवटच्या शब्दाशी आले, पोळीभाकर, आणि पुढे थांबायचं सोडून तोंडातून एक शब्द आपसूक निघून गेला. पिठाच्या हातानं मी बोटं मोजली. दोनदा मोजली.

"सुमित्रा ही भांडखोर नि चहाडखोर, तहसीलदारासारखी उभी दरवाज्यापाशी, मोजायलाच आमची पोळीभाकर… गेल्यानंतरदेखील."

आठ आहेत, सुमे. अर्थ लागतो, वाक्य पुढं सरकते. मोज. पण बोटांवर मोज वं, पट्टीनं नको.